परिषद संपली, कुंपण उरले

टोकियो शहरासाठी 1958 हे मिरवण्याचे वर्ष होते. मे महिन्यात तिथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. मिल्खा सिंग यांनी 200 आणि 400 मीटर शर्यतींत सुवर्णपदके जिंकली ती याच स्पर्धांत. वर्षअखेरीस टोकियो टॉवर उभा राहिला. युद्धात बेचिराख झालेले शहर पुन्हा जगाचे स्वागत करत होते. याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे सातवी आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली. कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची पद्धत बंद करावी, अशी शिफारस या परिषदेत झाली. यजमान जपानने आपला कायदा रद्द केला तो 1996 मध्ये, म्हणजे तब्बल 38 वर्षांनी!

हा कायदा आला कुठून? नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी 1873 मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा रोग शाप किंवा पूर्वजन्मीचे पाप नसून संसर्गजन्य आजार आहे, हे त्यामुळे कळले. पण औषध नव्हते. 1897 मध्ये बर्लिनला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि तिने नॉर्वेच्या धर्तीवर रुग्णांना वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला. जपानने 1907 मध्ये कायदा केला. सुरुवातीला तो निराधार, भटक्या रुग्णांपुरता होता. 1931 मध्ये त्याच्या कक्षेत सगळेच रुग्ण आले. घरोघरी शोध घेऊन माणसे उचलली जाऊ लागली.

टोकियोच्या पश्चिमेकडील हिगाशिमुरायामा भागात 1909 मध्ये अशीच एक वसाहत सुरू झाली. आज ती तामा झेनशोएन या नावाने ओळखली जाते. तिच्याभोवती काटेरी पानांच्या झाडांचे उंच, दाट कुंपण होते. आत येणाऱ्याचे पैसे काढून घेत आणि फक्त वसाहतीत चालणारे चलन हाती देत, म्हणजे पळून जाता येऊ नये. घरच्यांना बट्टा लागू नये म्हणून अनेकांनी स्वतःचे नावही बदलले. लग्नाला परवानगी होती, पण पुरुषाने नसबंदी करून घ्यायची या अटीवर. रुग्णांनी आवारात मातीची एक टेकडी रचली होती. गावाची आठवण आली की तिच्यावर चढून ते कुंपणापलीकडे बघत. मेल्यानंतरही सुटका नव्हती. अस्थी न्यायला नातेवाईक येत नसत, म्हणून त्या ठेवायला आतच जागा करावी लागली.

हे सगळे करणारे अडाणी नव्हते. नसबंदीची सुरुवात 1915 मध्ये या संस्थेचे प्रमुख डॉ. केन्सुके मित्सुदा यांनी केली. कुष्ठरोगातील एक त्वचाचाचणी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. दुसरीकडे क्योटो विद्यापीठाचे डॉ. नोबोरू ओगासावारा, हा रोग फारसा संसर्गजन्य नाही आणि कोंडून ठेवण्याची गरज नाही, असे सांगत होते. त्यांचे म्हणणे सहकाऱ्यांनी खोडून काढले.

1940 च्या दशकात प्रोमिन आणि पाठोपाठ डॅप्सोन ही औषधे आली. रुग्ण बरे होऊ लागले. तरीही जपानने 1953 मध्ये नवा कायदा करून सक्ती कायम ठेवली. रुग्णांनी उपोषणे केली, ठिय्या दिला, पण उपयोग झाला नाही. त्या कायद्यात घरी सोडण्याची तरतूदच नव्हती. पाच वर्षांनी टोकियोत जगभरचे तज्ज्ञ जमले तेव्हा त्याच महानगराच्या हद्दीत बरे झालेले रुग्ण कुंपणाआड राहत होते.

वेगळे ठेवण्याचा सल्ला लवकर पचला, सोडण्याचा मात्र पचला नाही. भीतीला कायद्याचा आधार मिळाला की ती शहाणपणासारखी दिसू लागते. सरकारच एखाद्याला आयुष्यभर कोंडून ठेवते, म्हणजे रोग तसाच भयंकर असणार, असे लोक धरून चालतात. मग लोकांना भीती वाटते म्हणून कायदा हवा, असे सरकार म्हणते. या चक्रात विज्ञान बाहेर उभे राहते.

अखेर रुग्णच न्यायालयात गेले. मे 2001 मध्ये कुमामोतो जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 1960 नंतर तरी सक्तीची गरज उरली नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने अपील केले नाही आणि माफी मागितली. 2019 मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांनाही भरपाई मंजूर झाली. पण तोवर अनेकांचे घर, गाव, नाती संपली होती. झेनशोएनच्या आवारात आता राष्ट्रीय संग्रहालय आहे.

जपानला नावे ठेवण्याआधी आपल्याकडेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारायला घेतले आणि रुग्णांच्या हाताला काम देऊन त्यांना मानाने उभे केले. मात्र कुष्ठरुग्णांविषयीचा 1898 चा इंग्रजी अमदानीतील कायदा केंद्राने रद्द केला 2016 मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे, हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून गेले 2019 मध्ये.

आज जगातील निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण भारतात आढळतात. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते. रुग्णाने घरीच राहावे, कामावर जावे, मुलांना जवळ घ्यावे. अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर लगेच दाखवावे. उशीर झाला की नसा निकामी होतात; बोटे वाकडी होतात ती त्यामुळे.

रुग्ण उशिरा येतो तो बहुतेकदा लोक काय म्हणतील, या धास्तीने. कायद्याचे कुंपण सरकारने काढले. हे दुसरे कुंपण घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढायचे आहे.