नादारीचा अर्ज आणि वकिलाची निवड



कर्ज ही ऊसवाल्याला नवी गोष्ट नाही. लागणीला कर्ज, पाइपलाइनला कर्ज, पोरीच्या लग्नाला कर्ज. बहुतेकांचे उसाच्या बिलातून फिटत जाते. पण एखाद्याचे चहूबाजूंनी थकते, आणि मग कोणीतरी सांगतो, "नादारी घे, सुटशील." एवढ्या ऐकीव माहितीवर तालुक्याची एस.टी. धरू नये, म्हणून हे चार शब्द.

मुंबई शहर वगळता आपल्याकडे यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. परंतु व्यक्तींसंबंधीचा त्यातला भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता सुरू झाला. तेव्हा तुम्हा-आम्हांला जुनाच कायदा लागू. कोर्टाने नादार ठरविले की माणसाची मालमत्ता कोर्टाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती जाते आणि तिच्यातून घेणेकऱ्यांचे भागविले जाते. पुढे कोर्ट मुक्ततेचा हुकूम देते, तेव्हा माणूस सुटतो.

खरे सांगणारा वकील

चांगला वकील पहिल्या भेटीत नादारीने काय होत नाही, ते सांगतो. सातबारावर बोजा चढवून काढलेल्या कर्जाचे तारण सुटत नाही. सरकारी देणे माफ होत नाही. आपण मुक्त झालो तरी आपला जामीनदार मोकळा होत नाही. भावकीतल्या ज्या माणसाने विश्वासाने सही केली, त्याच्या दारात वसुली जाते. नादार असेतो ग्रामपंचायतीचे सभासदपदही मिळत नाही. हे न सांगता जो नुसते "सगळे माफ करून देतो" म्हणतो, त्याला लांबूनच नमस्कार करावा.

काय वाचते, तेही त्याने सांगितले पाहिजे. स्वतः राहतो ते शेतकऱ्याचे घर, पोटापाण्याला लागणारी अवजारे, जनावरे आणि बियाणे जप्तीतून वगळलेले आहे. जमीन मात्र वगळलेली नाही. आपल्या कारखान्यातील भागावरही, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे, असल्या कर्जासाठी कोर्टाची जप्ती येत नाही वा रिसीव्हरचा हक्क लागत नाही. तरी यादीत तो दाखवायचाच. यादी पुरी हवी.

घात करणारा सल्ला

"आधी जमीन बायकोच्या नावावर कर, मग अर्ज करू." हा सल्ला देणारा वकील असो की गावातला शहाणा, तो घात करतो. नादारीच्या अर्जापूर्वी २ वर्षांच्या आत योग्य मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतर कोर्ट रद्द ठरवू शकते. एकाच घेणेकऱ्याला मुद्दाम झुकते माप देऊन अर्जापूर्वी ३ महिन्यांत भागविले, तर तेही टिकत नाही. मालमत्ता लपविली तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा वकिलाला नव्हे, सही करणाऱ्याला होते.

पाहून-विचारून घ्यावयाच्या गोष्टी

१. वकील कागद मागतो कां? सातबारा, आठ-अ, सोसायटीचा खातेउतारा, बँकेच्या नोटिसा, हातउसन्याची यादी न पाहता जो अर्ज लिहावयास बसतो, तो नीट काम करील असे आम्हांस वाटत नाही.

२. दुसरा मार्ग आहे कां, हे तो पाहतो कां? देणे विनापरवाना सावकाराचे असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. बँक हप्ते पाडून देत असेल, तर नादारीची गरजच उरत नाही.

३. ज्याचे देणे आहे, त्या बँकेचे किंवा सावकाराचे काम तोच वकील पाहतो कां? हे स्पष्ट विचारावे. यात संकोच कसला?

४. फी किती, केव्हा, कोणत्या कामाची, हे लिहून घ्यावे आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी. निकालावर टक्केवारी ठरविणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर सही मुळीच करू नये. वकीलपत्रही वाचून मगच सही करावी.

५. मुक्ततेच्या अर्जापर्यंत तो बरोबर राहणार कां? कोर्टाने दिलेल्या मुदतीत हा अर्ज केला नाही, तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि सारे मुसळ केरात जाते.

वकील बदलावासा वाटला, तर फी बाकी आहे म्हणून तो आपले कागद अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तसा निर्णय दिला आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते. फी परवडत नसेल, तर तालुका कोर्टातील विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर बऱ्याच जणांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

बेणे घेताना आपण कांडी न् कांडी, डोळा न् डोळा पाहून घेतो. वकीलही तसाच पारखून घ्यावा. आणि वकिलाकडे जाण्याच्या आधी घरात बायको-मुलांना व जामीनदाराला सारे खरे देणे सांगावे. त्यांच्यापासून लपविलेले कर्ज कोर्टात बाहेर येतेच, आणि तेव्हा त्यांना सावरावयास वेळ उरलेला नसतो.