लाट : भर समुद्रातली आणि बंदरातली
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे सुमारे साडेतीन वाजता बलुचिस्तानच्या मकराण किनाऱ्यालगत समुद्राखाली मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता ८.१ होती. पसनी हे तिकडचे बंदर उद्ध्वस्त झाले. त्याच दिवशी सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईत समुद्राचे पाणी अचानक चढले. वर्सोव्याला पाच आणि हाजीअलीजवळ सहा माणसे गेली. मुंबईत एकूण पंधरा माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. दांडा आणि जुहू येथे नांगरलेल्या मासेमारी होड्यांचे दोर तुटले. वर्सोव्यापासून आपले उत्तन सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आसपास. मध्ये मालाडची आणि मनोरीची खाडी.

२६ डिसेंबर २००४ नंतर ‘त्सुनामी’ हा शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक झाला आहे. पण त्सुनामी म्हटले की आपल्या मनात नागपट्टणम किंवा अंदमान येते, फार तर केरळ. आपल्या या बाजूच्या समुद्रातही ती येऊन गेली आहे, हे आमच्या वर्गात विचारले तेव्हा दोघातिघांनाच माहीत होते. म्हणून हा लेख. यात थोडे गणित आहे, पण ते आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना झेपेल इतकेच आहे.

शब्दापासून सुरुवात करू. जपानी भाषेत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. समुद्रात उठणाऱ्या लाटेला बंदराचे नाव का मिळावे? याचे उत्तर १५ जून १८९६ च्या घटनेत सापडते. त्या संध्याकाळी जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर सुमारे बावीस हजार माणसे बुडाली. त्या वेळी दूर समुद्रात मासे धरीत असलेल्या कोळ्यांना काहीच जाणवले नव्हते. ते परतले तेव्हा आपल्याच बंदराजवळ मोडकी घरे आणि प्रेते तरंगताना त्यांना दिसली. जी लाट त्यांची घरे घेऊन गेली, ती आधी त्यांच्याच होड्यांखालून गेली होती.

हे कसे घडले, ते समजण्यासाठी वाऱ्याने उठणारी नेहमीची लाट आणि त्सुनामी यांतला भेद पाहिला पाहिजे. वाऱ्याच्या लाटेची एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतची लांबी शंभर-दोनशे मीटर भरते आणि दहाएक सेकंदांत ती निघून जाते. तिची हालचाल फक्त वरच्या थरात असते. लांबीच्या निम्म्याइतके खाली गेले की पाणी जवळजवळ शांत असते. म्हणजे ही लाट समुद्राच्या पाठीवरून नुसती सरपटत जाते. त्सुनामीत मात्र समुद्राचा तळच उचलला किंवा खचला जातो आणि त्यावरचा पाण्याचा सगळा खांब तळापासून हलतो. अशा लाटेची लांबी दोनशे किलोमीटरही असू शकते. चार किलोमीटर खोल महासागर आपल्याला अथांग वाटतो. पण दोनशे किलोमीटर लांबीच्या लाटेपुढे ती खोली पन्नासास एक या प्रमाणात पडते. त्सुनामीच्या हिशोबी महासागर हे एक उथळ तळेच आहे!

म्हणून या लाटेचा वेग केवळ पाण्याच्या खोलीवर ठरतो. ढोबळ नियम असा : खोली मीटरमध्ये घ्यावी, तिला दहाने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. येईल तो आकडा म्हणजे दर सेकंदाला मीटर. चार हजार मीटर खोलीवर हा वेग २०० मीटर, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर होतो. साधारण विमानाचा वेग. चाळीस मीटर खोलीवर तो सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. दहा मीटर खोलीवर ताशी ३६ किलोमीटर, आणि तरीही धावत्या माणसाच्या पुढे.

भर समुद्रात ती जाणवत का नाही, तेही आता उलगडते. २००४ च्या भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी ‘जेसन-१’ हा उपग्रह बंगालच्या उपसागरावरून गेला. त्याने मोजलेली लाट जेमतेम ६० सेंटीमीटरच्या आसपास होती. पुढे हजारो लोकांचे प्राण घेणारी लाट खोल पाण्यात गुडघ्याहून थोडी वर येईल एवढीच होती. दोनशे किलोमीटर लांबीची लाट ताशी ७२० किलोमीटर वेगाने जाताना एका ठिकाणावरून पार व्हायला सुमारे सतरा मिनिटे घेते. होडी आठ मिनिटांत हातभर वर चढते आणि पुढच्या आठ मिनिटांत खाली येते. एरवीच्या लाटांवर मिनिटाला पाच-सहा वेळा मीटरभर हेलकावे खाणाऱ्या नाखव्याला हे कळावे तरी कसे?

उथळ पाण्यात आली की तिचे रूप पालटते. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास भाईंदर स्टेशनवर उतरणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. लोकल थांबते, गर्दी फलाटावरून झपाझप निघते आणि पुलाच्या जिन्याशी पुढच्यांची पावले मंदावतात. मागच्यांना त्याचा पत्ता नसतो. ते त्याच वेगाने येत राहतात. फलाटभर पसरलेली माणसे जिन्याच्या तोंडाशी दाटतात. लाटेचेही तसेच होते. तिचा पुढचा भाग उथळ पाण्यात शिरून मंदावतो, मागचा भाग अजून खोल पाण्यातून वेगाने येत असतो. लाट लांबीने आखडते. माणसे दाटतात तेव्हा एकमेकांच्या डोक्यावर चढत नाहीत, एवढाच फरक; पाणी चढते.

किती चढते, याचाही एक नियम जॉर्ज ग्रीन या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात कालव्यातल्या लाटांवरून काढलेला आहे. खोली सोळा पटींनी घटली की लाटेची उंची दुप्पट होते. मुंबईला १९४५ मध्ये पाणी सुमारे दोन मीटर चढल्याचे वृत्तांत सांगतात. अरबी समुद्राची खोली मधल्या भागात तीन हजार मीटर धरू. ती सोळा पटींनी घटून सुमारे १९० मीटर होते, पुन्हा सोळा पटींनी घटून बारा मीटर. म्हणजे उंची दोनदा दुप्पट, एकूण चौपट. किनाऱ्याशी दोन मीटर असलेली लाट खोल समुद्रात अर्ध्या मीटरच्या आसपास असली पाहिजे. वाटेत तळाच्या घर्षणाने तिची थोडी शक्ती गेली असणार, हा भाग वेगळा.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिनेमात दाखवतात तशी, वळून फुटणारी उंच भिंत म्हणजे त्सुनामी असे पुष्कळांना वाटते. दहा मीटर खोलीवर दोनशे किलोमीटरची लाट आखडून दहा किलोमीटरची होते. पण पार व्हायला तिला पूर्वीइतकीच मिनिटे लागतात. म्हणून ती कोसळून संपत नाही, सात-आठ मिनिटे पाणी आत येतच राहते. मुंबईत १९४५ मध्ये ज्यांनी पाहिले त्यांनीही नेहमीच्या भरतीसारखेच, पण फार वेगाने पाणी चढल्याचे सांगितले आहे. इतर वेळी दोन मीटरची लाट खडपांवर आपटून परत जाते. दोन मीटरची त्सुनामी परत जात नाही, घरात शिरते.

त्या दिवशी मुंबईचे नशीब तिथीने थोडे सावरले असावे. १९ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली होती. तेव्हा २८ तारखेला वद्य अष्टमी-नवमी, म्हणजे भांगाचा दिवस. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आपल्याकडची रीत आहे. त्या रीतीने भरती सहा-पावणेसातच्या सुमारास भरून गेली असणार आणि सव्वाआठला पाणी उतरू लागले असणार. उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. ऐन उधाणाच्या भरतीवर तेच दोन मीटर पाणी चढले असते तर वर्सोव्याचा आकडा पाचावर थांबला नसता.

आता मला या विषयात सर्वात विलक्षण वाटणाऱ्या भागाकडे येतो. मकराणच्या भूकंपस्थळापासून मुंबई सुमारे बाराशे किलोमीटर. हे सगळे अंतर तीन हजार मीटर खोलीचे असते, तर ताशी ६२० किलोमीटरने लाट दोन तासांच्या आत पोचली असती. ती सुमारे पावणेपाच तासांनी आली. मधला वेळ कुठे गेला?

तो आपल्या दारात गेला. मुंबईसमोरचा समुद्र फार दूरपर्यंत उथळ आहे. भूगोलात आपण ज्याला समुद्रबूड जमीन म्हणतो, तिचा पट्टा येथे जवळजवळ तीनशे किलोमीटर रुंद आहे. भारताच्या किनाऱ्यावर इतका रुंद पट्टा फार थोड्या ठिकाणी सापडतो. या पट्ट्याची सरासरी खोली मी ७० मीटर धरली. वर्गमूळ काढले की वेग येतो सेकंदाला साडेसव्वीस मीटर, म्हणजे ताशी ९५ किलोमीटर. तीनशे किलोमीटरला तीन तास दहा मिनिटे. उरलेल्या नऊशे किलोमीटरच्या खोल पाण्याला फक्त दीड तास. बेरीज चार तास चाळीस मिनिटे! तळ काही पाटासारखा सपाट नसतो आणि लाट वाटेत वळतेही, म्हणून मिनिटांचा मेळ बसल्याचा मी फार डौल मिरवीत नाही. पण वाटेचा तीन-चतुर्थांश भाग दीड तासात आणि शेवटचा चतुर्थांश तीन तासांत, हे प्रमाण मात्र पक्के आहे. आपला गढूळ, उथळ समुद्र लाटेला उंच करतो आणि तोच तिला तीन तास अडवूनही धरतो.

आज या तीन तासांचा उपयोग होऊ शकतो. हैदराबाद येथे २००७ पासून भारताचे त्सुनामी सूचना केंद्र चालू आहे. लाट तळापासूनचे सारे पाणी हलवते, त्यामुळे खोल समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या दाबमापकांना वरचे काही सेंटीमीटरसुद्धा समजतात. डोळ्यांना न दिसणारी लाट अशी तळातून ओळखली जाते. मकराणला भूकंप झाला तर मिरा-भाईंदरला सूचना पोचायला वेळ आहे. सूचना पोचल्यावर आपण काय करणार, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न मी उत्तनला एका वयस्क नाखव्याला विचारला. ते वलांडीवर बोंबील घालीत होते. म्हणाले, “सूचना आली की बोट बंदरात. वादळाचा बावटा लागला की आम्ही तेच करतो.”

वादळापुरते हे अगदी बरोबर आहे. वादळात वारा भर समुद्रात मारतो आणि बंदरात आसरा मिळतो. त्सुनामीत सारे उलटे होते : बाहेर आसरा आणि बंदरात मार. मी त्यांना वरचा हिशोब सांगितला. चाळीस मीटर पाण्यात ही लाट फार तर दीड मीटर चढेल, तीही वीस किलोमीटर लांबीत पसरून. बोट आठ मिनिटांत सावकाश वर जाईल. तीच बोट त्या वेळी धक्क्याला किंवा खाडीच्या तोंडाशी असेल, तर पाणी आधी तिला ओढून नेईल आणि मग दुसऱ्या बोटीवर आपटील.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “बोट बाहेर ठेवीन रे. पण घर किनाऱ्याला आणि मी बाहेर, मन थांबेल कसं?”

यावर माझ्याजवळ सूत्र नव्हते. मी एवढेच म्हणालो, “मामा, घरची माणसं डोंगरीवर चढली आहेत हे तुम्हांला वायरलेसवर कळलं, तर थांबाल?” ते म्हणाले, “मग थांबेन.”

म्हणजे बाहेरच्या बोटीला थांबवण्याचे काम किनाऱ्यावरच्या माणसांनी करायचे आहे. उत्तन, पाली आणि चौकच्या वस्त्यांना पाठीशी उंचवटा आहे. चालत गाठता येईल इतका जवळ. किनाऱ्यावरच असलेल्या बोटींचा प्रश्न अवघड आहे. ‘खोल पाण्यात न्या’ असे पुस्तकात लिहिलेले असते, पण ते खोल पाणी जवळ असणाऱ्या देशांसाठी. आपली बोट ताशी पंधरा किलोमीटरने चार तास गेली, तरी साठ किलोमीटरवर ती त्याच उथळ पट्ट्यात असणार. सूचना लवकर मिळाली आणि दोन-तीन तास हाताशी असले, तर तीस-चाळीस मीटर पाणी गाठणेही पुष्कळ आहे. वेळ थोडा असेल तर बोट सोडून माणसाने वर जावे, असे माझे मत आहे. बोटीवरचे कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे त्याला ते पटायला जड जाईल, हेही मी जाणतो.

भाईंदरच्या लोकांनी वसईच्या खाडीकडे पाहायला हवे. खाडीच्या निमुळत्या तोंडात पाण्याचा ओढ फार वाढतो. पुढे मिठागरे, तिवरांची राने आणि उथळ चिखल त्याची शक्ती काढून घेतात. जेसल पार्कच्या कठड्यावर लाट बघायला गर्दी करण्याची आपली सवय मात्र त्या दिवशी घातक ठरेल. कधी कधी लाटेचा खोलगट भाग आधी पोचतो. मग ओहोटीची वेळ नसताना समुद्र भराभर मागे हटतो आणि उघड्या तळावर मासे तडफडताना दिसतात. मागे हटलेले पाणी परत यायला काही मिनिटेच लागतात.

आणि लाट एकच नसते. पहिली लाट ओसरली म्हणून डोंगरीवरून खाली उतरण्याची घाई कोणी करू नये. १९४५ मध्ये कराचीला पहाटे साडेपाचपासून एकामागून एक लाटा आल्या, आणि त्यांतली सर्वात मोठी लाट सव्वाआठच्या सुमारास, पहिलीनंतर जवळजवळ पावणेतीन तासांनी आली.