पेजपासून पेटीपर्यंत

ऑर्कुट हे समाजमाध्यम २००४ च्या जानेवारीत सुरू झालं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद पडलं. भारतात ते तुफान चाललं. शाळेचे मित्र सापडले, एकमेकांना ‘स्क्रॅप’ म्हणजे निरोप गेले, गावागावाच्या कम्युनिट्या निघाल्या. धंदा मात्र बेताचाच झाला. दुकानदार खऱ्या अर्थाने ऑनलाइन आला तो फेसबुकवर. नोव्हेंबर २००७ मध्ये व्यवसायांसाठी ‘पेज’ची सोय झाली आणि पुढची काही वर्षं ‘पेज काढा’ हा सल्ला जो तो देऊ लागला. गल्ल्याइतक्याच आस्थेने लाइक मोजले जात.

पण लाइक करणाऱ्या सगळ्यांना पोस्ट दिसत नव्हती. पेजची पोस्ट सरासरी १६ टक्के चाहत्यांपर्यंतच पोहोचते, हे २०१२ मध्ये फेसबुकनेच सांगितलं. जानेवारी २०१८ मध्ये तर फीडमध्ये आप्तमित्रांना प्राधान्य देण्याचा निर्णय झाला आणि दुकानांच्या पोस्ट आणखी मागे पडल्या. दिसायचं असेल तर ‘बूस्ट’ करा, म्हणजे पैसे भरा. फुकटचा फलक संपला होता, एवढाच याचा अर्थ. मोठ्या जाहिरातदारांना ते झेपलं. घरगुती लोणची विकणारीला नाही.

व्हॉट्सअॅप बिझनेस हे वेगळं अॅप आलं तेही जानेवारी २०१८ मध्येच. त्याचा खरा कस लागला २०२० च्या उन्हाळ्यात. टाळेबंदी ऐन हापूसच्या हंगामात आली. वाशीच्या बाजाराची घडी विस्कटली, झाडावरचा आंबा थांबणार नव्हता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांनी मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांचे ग्रुप धरले. पणन मंडळानेही थेट विक्रीला हात दिला. सोसायटीतलं कुणीतरी एक जण पेट्यांची मागणी गोळा करी, टेम्पो फाटकाशी येई, पैसे यूपीआयने जात. इथे ना रील लागली, ना हॅशटॅग. एक अट मात्र होती: एकाच वेळी अनेकांना धाडलेला ‘ब्रॉडकास्ट’चा निरोप ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोहोचतो. त्यामुळे आंब्याबरोबर ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ ही विनंतीही घरोघरी गेली.

त्याच वर्षी जूनच्या २९ तारखेला सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. टिकटॉकचे भारतात सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. ज्यांची सारी ओळख तिथेच होती, त्यांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. ८ जुलैला इन्स्टाग्राम रील्स भारतात आली, सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स. लोक हलले, पण चाहत्यांची यादी सोबत नेता आली नाही.

यूट्यूबचा हिशेब निराळा. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये पाककृतींचं चॅनेल सुरू केलं. मसाले बाजारात आणले ते बऱ्याच नंतर. आधी वर्षानुवर्षं शिकवायचं, मग विकायचं, एवढा धीर असेल त्यानेच तिथे जावं. जोखीम तिथेही आहेच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार इथल्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे चॅनेल २०२० मध्ये हॅक झालं होतं. ते परत मिळालं, हे नशीब.

चाकण-भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदाराने मात्र रीलच्या नादी लागू नये. त्याचा ग्राहक म्हणजे दुसऱ्या कंपनीचा खरेदी अधिकारी, आणि तो कामासाठी शोध घेतो लिंक्डइनवर किंवा इंडियामार्टवर. साडी, दागिने, केक यांचं तसं नाही. ते डोळ्यांना दिसावं लागतं, म्हणून इन्स्टाग्राम आणि फेसबुक लाइव्ह त्यांना मानवलं.

माध्यमं स्वतःच बंदही पडतात: गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं, आपलं देशी ‘कू’ २०२४ मध्ये. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही एकदम सहा तास ठप्प झाली, कारण तिघांचा मालक एकच. तेव्हा तीन ठिकाणी खाती म्हणजे तीन आधार, असं समजू नका. आपला ग्राहक जिथे आधीच रोज असतो असं एक ठिकाण नीट सांभाळा, आणि त्याचा नंबर, पत्ता, मागची ऑर्डर आजच वेगळ्या वहीत उतरवून घ्या.