कियांतीचा घोट आणि आपले ताट

पिंपरी-चिंचवडची इटलीशी ओळख जुनी आहे. १९६०च्या दशकात बजाज कंपनी पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवत होती. पुढे पियाज्जो स्वतः बारामतीत आली, फियाट रांजणगावात आणि ब्रेक बनवणारी ब्रेम्बो चाकणला. कामानिमित्त माणसांची ये-जा वाढली, तशी वाकड, रावेत, मोशीच्या सोसायट्यांमधल्या काही कपाटांत लाल वाईनची बाटलीही येऊन बसली. कुणी परतताना विमानतळावर घेतलेली, कुणाला कंपनीच्या पाहुण्याने दिलेली. ती कशाबरोबर प्यायची हे घरात कुणाला नीटसे ठाऊक नसते. एक गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक असते: ‘रेड वाईन हृदयाला चांगली.’

या समजुतीला मोठे बळ मिळाले ते १९९१ मध्ये. अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने प्रश्न मांडला, की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी कसा? उत्तर म्हणून लाल वाईनकडे बोट दाखवले गेले. नंतर द्राक्षाच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल नावाचे द्रव्य या गोष्टीचे नायक ठरले आणि त्याच्या गोळ्याही बाजारात आल्या.

त्याची परीक्षा झाली ती थेट कियांतीत. इटलीच्या तोस्काना प्रांतातला हा डोंगराळ पट्टा त्याच नावाच्या वाईनसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या ग्रेव्ह आणि बान्यो आ रिपोली या दोन गावांतल्या ६५ वर्षांवरील ७८३ स्त्री-पुरुषांच्या २४ तासांच्या लघवीत रेस्व्हेराट्रॉलचे अंश मोजण्यात आले. कोण किती पितो हे विचारून कळत नाही, लघवी मात्र खोटे बोलत नाही. पुढची नऊ वर्षे या लोकांवर लक्ष ठेवले गेले. त्या काळात २६८ जण दगावले. ज्यांच्या शरीरात रेस्व्हेराट्रॉल जास्त होते ते अधिक जगले, असे काही दिसले नाही. हृदयविकार आणि कर्करोगाच्या प्रमाणातही फरक नव्हता. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी’ असे सांगणाऱ्या जुन्या अभ्यासांत एक खोट होती. आजारपणामुळे दारू सोडलेली माणसेही ‘न पिणारे’ म्हणून मोजली गेली होती. साहजिकच तो गट मुळातच अशक्त निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगजनक ठरवले ते १९८८ मध्ये, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. न पिणाऱ्याने वाईन सुरू करावी असे वैद्यकीय कारण कोणतेही नाही.

मग उरते ती चव. आणि चवीच्या बाबतीत स्वस्त इटालियन लाल वाईनकडे सांगण्यासारखे बरेच आहे, कारण ती मुळात जेवणाच्या ताटासाठीच बनते. नुसती चाखली तर ती अनेकांना आवडत नाही. आंबट लागते, जीभ ओढल्यासारखी होते. तोंड वाकडे करणाऱ्या माणसाची जीभ बरोबर असते, चुकलेले असते ते शेजारचे रिकामे ताट.

जीभ ओढण्याच्या या संवेदनेसाठी इंग्रजी वाईनलेखकांना लांबलचक उपमा शोधाव्या लागतात. मराठीत ‘तुरट’ हा एक शब्द पुरतो. जांभूळ, कच्चे केळे, सुपारी, जास्त उकळलेला कोरा चहा, सगळ्यांत हाच गुण आहे. द्राक्षाच्या साली आणि बियांतले टॅनिन वाईनमध्ये उतरते. लाळेतल्या काही प्रथिनांचे काम तोंडाला वंगण देण्याचे असते. टॅनिन त्यांना चिकटून त्यांच्या गुठळ्या करते. वंगण गेले, की जीभ टाळूवर घासते. म्हणजे तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श जास्त. यंत्रावर काम करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तेलकट-तुपकट खाण्याने उलटे होते, तोंडात वंगण जास्त होते. २०१२ मध्ये अमेरिकेत पॉल ब्रेस्लिन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना चरबीयुक्त सलामी खायला दिली आणि मध्ये मध्ये कधी पाणी, कधी सौम्य तुरट पेय प्यायला दिले. पाण्यापेक्षा तुरट पेयाने तोंडातला तेलकटपणा अधिक कमी झाला. तुरटपणा घोटागणिक साचत जातो, हेही दिसले. जड जेवणानंतर सुपारी मागणाऱ्यांच्या जिभेला हे आधीच कळले असावे. (सुपारीही कर्करोगजनक आहे, हे जाता जाता.)

म्हणून तुरट वाईनला स्निग्ध पदार्थ हवा. आपल्याकडे त्याला तोटा नाही. दाणे, तीळ, खोबरे भरलेली वांगी, लोण्याचा गोळा ठेवलेले थालीपीठ, तुपावर परतलेले पनीर, खसखस-काजूचा पांढरा रस्सा, कमी तिखटाचे सुके मटण. इटलीच्या अब्रुत्सो प्रांतात मेंढपाळांची परंपरा आहे. तिथे मेंढीच्या मांसाचे बारीक तुकडे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजतात आणि सोबत तिथलीच मोंतेपुल्चानो वाईन घेतात. चुलीवरच्या मटणाशी या वाईनचे सहज जमते ते याच नात्याने. आणखी एक साम्य गमतीचे आहे. तोस्कानातला पारंपरिक पाव अळणी असतो, मीठ सगळे कालवणात. आपल्या भाकरीचे तरी वेगळे काय?

दुसरा गुण आंबटपणा. कियांतीत किमान ७० टक्के सांजोव्हेसे जातीची द्राक्षे असावी लागतात, आणि ही जात चांगली आंबट आहे. वायव्येकडची बार्बेरा तशीच, पण तुरटपणाला कमी. साधा नियम असा, की वाईन ताटातल्या पदार्थापेक्षा कमी आंबट असू नये, नाहीतर ती पाणचट लागते. टोमॅटोचे सार, चिंचेची आमटी यांच्यापुढे मऊ, गोडसर वाईन मान टाकते, बार्बेरा टिकते.

गाडी अडते ती मिरचीपाशी. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीवर काम करते, तो मुळात उष्णतेचा चटका ओळखण्यासाठी असतो आणि साधारण ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. २००२ मध्ये इटलीतल्याच फेरारा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की अल्कोहोलमुळे ही पातळी ३४ अंशांच्या आसपास उतरते. शरीराचे तापमान असते ३७. म्हणजे अल्कोहोलच्या संगतीत तोंडाची नेहमीची ऊबही चटक्यासारखी भासू शकते, त्यात मिरची पडली तर बोलायलाच नको. तांबडा रस्सा किंवा तर्रीची मिसळ यांच्यासोबत १४-१५ टक्क्यांची प्रिमितिव्हो म्हणजे आगीत तेल. तिखट खायचेच असेल तर थंड केलेली, किंचित फेसाळ, गोडसर आणि कमी अल्कोहोलची लांब्रुस्को बरी. त्याहून बरे ताक.

मासळीचे गणितही वेगळे आहे. लाल वाईनसोबत मासा अनेकदा उग्र, हिवस लागतो. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर प्रयोग करून याचे कारण शोधले, ते वाईनमधल्या लोहात सापडले. लोह जास्त, तेवढा वास जास्त. रविवारच्या बांगड्याला लाल वाईनपासून लांब ठेवलेले बरे. पुरणपोळीलाही, कारण गोडापुढे वाईन जास्तच आंबट आणि कडू होते.

बाटलीवरची डीओसी, डीओसीजी ही अक्षरे वाईन कोणत्या भागातली आणि कोणत्या नियमांनी बनलेली ते सांगतात. पद्धत १९६३ च्या कायद्याने सुरू झाली. चव आवडेलच, अशी हमी त्यात नाही. स्वस्त कियांती, बार्बेरा किंवा मोंतेपुल्चानो बनते ती दोन-चार वर्षांत पिण्यासाठी. ‘लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडू’ म्हणून माळ्यावर ठेवलेली बाटली तोवर बहुधा मेलेली असते, आणि चाकणच्या एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेली तर त्याच आठवड्यात. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ घ्यावी हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांतला, म्हणजे १६ ते १८ अंशांचा. आपल्याकडे बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. गरम वाईनमध्ये अल्कोहोलच नाकात जातो.

स्वस्त म्हणजे कुठे स्वस्त, हा प्रश्न येतोच. इटलीतल्या दुकानात पाच-सहा युरोला मिळणाऱ्या बाटलीवर भारतात वर्षानुवर्षे १५० टक्के आयात शुल्क लागत आले, वर राज्याचे कर. त्यामुळे परवडणारी इटालियन चव शोधणाऱ्याने सोलापूर जिल्ह्याकडे पाहावे. अकलूजजवळ फ्रातेल्ली या कंपनीच्या बागा आहेत. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांची ही भागीदारी. वाईन बनवायला तोस्कानातून पिएरो मासी आले, आणि त्यांच्याबरोबर सांजोव्हेसे माळशिरस तालुक्यात रुजली. तिथे या वेलीला नवेच वेळापत्रक मिळाले. इटलीत ती हिवाळाभर झोपते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. इथे तिला झोपच नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. चव तंतोतंत कियांतीची निघत नाही, तशी अपेक्षाही नको. पण आंबट-तुरट घडण ओळखता येते, आणि भरल्या वांग्याला तेवढे पुरते.

न पिणाऱ्यांसाठी पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ ही गडद रंगाची, रसासाठीची जात तयार केली आहे. सालीतली रंगद्रव्ये त्यात आहेत, अल्कोहोल नाही.

आता आकडे. १३ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम अल्कोहोल असतो, १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम. इटलीत एक माप धरतात १२ ग्रॅमचे, आणि तिथला आरोग्य सल्ला पुरुषांनी दिवसाला दोन मापांच्या, स्त्रियांनी आणि ६५ वर्षांवरील सर्वांनी एका मापाच्या पुढे जाऊ नये असा आहे. तो वरचा कठडा आहे, रोजचा रतीब नव्हे. यकृताची वाढलेली चरबी, वाढलेले ट्रायग्लिसराइड, गर्भारपण, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, मेट्रोनिडॅझोल, झोपेच्या गोळ्या यांपैकी काही असेल तर तो एक ग्लासही नाही.

मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी आहे. सत्तर किलोचा पुरुष दोन ग्लास रिकाम्या पोटी लवकर प्यायला, तर ढोबळ हिशेबाने ही पातळी साठच्या पुढे जाते. पंचावन्न किलोच्या स्त्रीची मर्यादा पहिल्याच ग्लासाला ओलांडली जाऊ शकते. जेवणासोबत पातळी हळू चढते, पण तेवढ्यावर नाशिक फाट्यापर्यंत गाडी चालवत जाण्याचा भरवसा धरता येत नाही. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकाली काढते. रात्री अकराला संपवलेले दोन ग्लास उतरायला पहाटेचे दोन-तीन वाजतात, आणि उतरतानाच झोप मोडते. सकाळी सहाला कंपनीची बस गाठणाऱ्याला दिवसभर जी सुस्ती जाणवते, तिला बिचाऱ्या मटणाला जबाबदार धरले जाते.

म्हणून बाटली एकाच रात्री संपवण्याची घाई नको. बूच घट्ट लावून फ्रिजच्या दारात उभी ठेवली, तर ती तीन-चार दिवस चांगली राहते. त्यानंतर आंबटपणा वाढू लागला, की ती ग्लासात ओतण्याऐवजी पुढच्या रविवारच्या मटणाला चोळावी.