सायलेन्सरमधली काजळी

इंजिन पूर्ण थंड असताना पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवून पाहा. चिकट, तेलकट काळं लागलं तर बहुधा गाडी ऑइल खातेय. धुरातही निळसर झाक दिसेल. पण कोरडी, मखमलीसारखी मऊ पूड लागली, तर ते पेट्रोलच आहे, जळता जळता राहिलेलं.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे जवळपास 9,000 लिटर हवा! ती कमी पडली, मेकॅनिकच्या भाषेत मिक्श्चर रिच झालं, की काही कार्बनच्या वाट्याला ऑक्सिजन येतच नाही. मग उष्णतेने तुटलेले रेणू एकमेकांनाच धरतात. कार्बनची षटकोनी कडी बनते, कडीला कडी जुळते, जाळीवर जाळी बसते आणि इवलीशी गोळी तयार होते, साधारण 20 ते 50 नॅनोमीटरची. केसाच्या जाडीत अशा हजारभर गोळ्या ओळीने मावतील. आणि ही सगळी घडण सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकते! समईच्या ज्योतीतही हेच कण असतात. ज्योत पिवळी दिसते ती ते तापून चमकतात म्हणून. बाहेरच्या कडेला हवा मिळाली की ते जळून जातात. मध्येच ताटली धरली तर काजळ धरतं.

मग मिक्श्चर रिच होतं कशाने? कार्ब्युरेटरच्या काळात पहिला संशय तुंबलेल्या एअर फिल्टरवर जायचा. आताच्या गाडीत संगणक हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल सोडतो, म्हणून त्याला चुकीची खबर कोण देतंय ते शोधावं लागतं. कूलंटचा तापमान सेन्सर बिघडला, तर तापलेलं इंजिनही संगणकाला थंडगार वाटतं आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. कधी इंजेक्टरच गळका असतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात मात्र पातळसा काळा थर धडधाकट गाडीतही दिसतो. त्याने घाबरू नये.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते ऑक्सिजन सेन्सरचं प्रकरण. इंजिनातून निघणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे तो सतत तपासतो. त्याच्या अलीकडे पाइपला बारीक भेग पडली किंवा जोडावरचं गॅस्केट फुटलं, तर धुराच्या दोन झोतांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर प्रामाणिकपणे कळवतो: ऑक्सिजन जास्त आहे. संगणक तितक्याच प्रामाणिकपणे पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज घसरतं, प्लग काळे पडतात, सायलेन्सर काजळतो. अशा वेळी नवा सेन्सर बसवूनही फरक पडत नाही. ती भेग वेल्डिंगने बुजवली किंवा फुटलेलं गॅस्केट बदललं, की काजळी धरणं थांबतं.