नीरेच्या अलीकडचं विद्यापीठ

नीरेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, हे बारामतीत शाळकरी पोरही सांगेल. विद्यापीठही बदलतं, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय पुणे विद्यापीठाचं. जेमतेम तीस किलोमीटरवरचं फलटणचं मुधोजी महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं. ऊस तोच, बोली तीच, सोयरिकीही एकमेकांत. पदवीवरची मोहोर तेवढी वेगळी.

थोडा इतिहास सांगायला हवा. १९४९ च्या १० फेब्रुवारीला पुणे विद्यापीठ सुरू झालं, तोवर इथली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. बाळासाहेब खेरांच्या सरकारने गणेशखिंडीतली चारशे एकरांहून जास्त जागा आणि गव्हर्नरांचा जुना बंगला विद्यापीठाला दिला. २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव विद्यापीठाला मिळालं. कारभाराची रचना अशी: राज्यपाल कुलपती, मग कुलगुरू, प्र-कुलगुरू, अधिष्ठाते; त्यांच्या जोडीला अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, आणि विषयवार अभ्यास मंडळं.

माझा जीव रमतो तो हद्दींमध्ये. सुरुवातीला बारा जिल्हे पुण्याकडे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि सातारा, सोलापूर तिकडे गेले. त्याच्या पाच वर्षं आधी निघालेलं मुधोजी महाविद्यालय असं नीरेपलीकडच्या हद्दीत गेलं. नेमक्या त्याच वर्षी, १९६२ मध्ये, बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय काढलं. एका काठाने पुणे सोडलं, दुसऱ्या काठाने धरलं! १९९० मध्ये जळगावला वेगळं विद्यापीठ झाल्यावर पुण्याकडे पुणे, नगर, नाशिक एवढे तीनच जिल्हे उरले, तरी पसारा प्रचंडच राहिला.

सोलापूरची गंमत तर आणखी मोठी. तिथलं दयानंद महाविद्यालय १९४० चं. ते आधी मुंबईचं, मग पुण्याचं, मग कोल्हापूरचं, आणि २००४ पासून सोलापूरच्याच विद्यापीठाचं. जागा न हलता चार विद्यापीठं! पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका मात्र १९४९ पासून पुण्याला चिकटून आहे.

हद्दींचा हा खेळ समजून घ्यायचा तर नीरा नरसिंहपूरला जावं. मी गेलो होतो ते नृसिंहाच्या दर्शनाला, आणि घाटावर नकाशा उघडून बसलो. नीरा आणि भीमा इथे एकमेकींना भेटतात. मी इंदापूर तालुक्याच्या टोकावर होतो. पाण्यापलीकडे माळशिरस आणि माढा, दोन्ही सोलापूर जिल्ह्यातले. पलीकडच्या अकलूजच्या महाविद्यालयातली मुलं सोलापूर विद्यापीठाच्या परीक्षा देतात, इंदापूरची मुलं सव्वाशे किलोमीटरहून दूर असलेल्या पुण्याच्या. जिल्ह्याची रेघ महसुलासाठी आखली गेली. विद्यापीठांनी ती तशीच उचलली. माझ्या मते अंतर आणि एसटीचे मार्ग बघून हद्दी ठरवायला हव्या होत्या.

गणेशखिंड न पाहताही इंदापूरचा मुलगा पदवीधर होतो, तो संलग्नतेमुळे. वर्ग, प्राध्यापक, प्रयोगशाळा महाविद्यालयाची. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. प्रात्यक्षिकाच्या दिवशी दुसऱ्या गावाहून ‘एक्स्टर्नल’ परीक्षक येतात आणि प्रयोगशाळेत एकदम शिस्त येते.

आता तर एका बारामतीतच विद्यापीठांची दाटी झाली आहे. शारदानगरच्या कृषी महाविद्यालयाची पदवी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आता स्वायत्त आहे. अभ्यासक्रम ते स्वतः बेततं, परीक्षाही स्वतः घेतं, पदवी मात्र पुण्याच्याच नावाने मिळते. स्वायत्ततेची ही वाट इंदापूरसारख्या गावांपर्यंत पोचायला हवी. तसं झालं तर उजनीचं पाणी, भिगवणचे रोहित पक्षी आणि कालव्याकाठच्या खारावलेल्या जमिनी इथल्या अभ्यासक्रमात येण्यासाठी गणेशखिंडीतल्या अभ्यास मंडळाच्या बैठकीची वाट बघावी लागणार नाही.