साठ हजारांची जीप आणि नोंदणीची वेस

नातेपुते : फलटणहून पंढरपूरकडे जाणाऱ्या पालखी मार्गावर माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे बाजारपेठेचे गाव आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सोलापूर जिल्ह्यातील पहिला मुक्काम इथेच पडतो. आषाढी सरते, दिवाळी उरकते आणि मग हाच रस्ता उसाने भरून जातो. एकामागे एक जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरमागे धावणाऱ्या टायरच्या गाड्या आणि अधूनमधून बैलगाड्या. यातला ट्रॅक्टर कंपनीचा असतो; मागची ट्रॉली मात्र बहुधा जवळच्याच एखाद्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून उभी केलेली असते. साटा किती लांब, फाळके किती उंच, पाटे किती जाड, हे गिऱ्हाइकाची ऐपत आणि उसाचे वजन पाहून ठरते. ऊसपट्ट्यात आपल्या गरजेपुरती गाडी बनवून घेणे ही हौस नव्हे, तो रोजचा व्यवहार आहे.

पण ट्रॉली बनविणारे हेच हात मोटार बनवू लागले तर? या प्रश्नाचे उत्तर काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने देशाला दाखवले.

कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांचा व्यवसाय आडनावातच आहे. शिक्षण बेताचे, मिळकत त्याहून बेताची. मुलाने चारचाकीचा हट्ट धरला आणि नवी गाडी घेणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग जमवून स्वतःच एक छोटी जीप उभी केली. खर्च आला सुमारे ६० हजार रुपये, म्हणजे त्या वेळच्या एका साध्या नव्या मोटारसायकलच्या आसपास. सुकाणू डाव्या बाजूला, आणि गाडी सुरू करायची ती स्कूटरसारखी बाहेरून किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये या जीपची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि ती उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्याही पाहण्यात आली. ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, हे त्यांनी पहिल्याच प्रतिक्रियेत नमूद केले आणि तरीही या कल्पकतेचे मनापासून कौतुक केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देकार दिला : जीप आम्हाला द्या, बदल्यात नवी बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये हा व्यवहार पूर्ण झाला.

गोष्ट इथे गोड होते, म्हणून बहुतेक बातम्याही इथेच थांबल्या. मात्र महिंद्रांनी देकार देताना सांगितलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्थानिक अधिकारी आज ना उद्या ही गाडी रस्त्यावरून बाजूला करतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरेच होते.

लोहारकामाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय या जीपचे मोल कळत नाही. बैल कमी झाले, तशी धावा बसविण्याची आणि फाळ शेवटण्याची कामे गेली. कोयती, विळे, कुऱ्हाडी बाजारात तयार मिळू लागल्या. ज्यांना जमले त्यांनी भात्याच्या जागी वेल्डिंग मशीन आणले. अंगी असलेले कसब गिऱ्हाइकाविना पडून राहणे हे कारागिराच्या वाट्याला आलेले संकट अपघातासारखे एका क्षणात कोसळत नाही; ते वर्षानुवर्षे झिरपत येते. भंगारातून जीप करणारा माणूस केवळ मुलाचा हट्ट पुरवीत नसतो.

तांत्रिकदृष्ट्या अशी गाडी करणे दिसते तितके सोपे नाही, आणि दिसते तितके अवघडही नाही. दुचाकीचे इंजिन स्वस्तात मिळते, किकवर सुरू होते, त्यामुळे स्टार्टर मोटार आणि मोठी बॅटरी यांचा खर्च वाचतो. अडचण पुढे येते. मोटारसायकलचे इंजिन बहुधा समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होते. तेच बॉनेटखाली कोंडले की तापते. रिक्षाच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो. शिवाय रिक्षात रिव्हर्स गिअर असतो आणि डिफरन्शियलही. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. ते नसेल तर आतले चाक घासत राहते आणि गाडी वळायला नाखूश असते. म्हणूनच कमी खर्चात गाडी जुळविणाऱ्यांची नजर आधी जुन्या रिक्षाकडे जाते.

खरा धोका मात्र इंजिनात नाही, तो ब्रेकमध्ये आणि सांध्यांत आहे. दोन-तीन माणसांसाठी बनविलेल्या ब्रेकवर लोखंडी सांगाडा आणि चार माणसे यांचा भार टाकला की गाडी थांबायला जास्त अंतर घेते. वेग दुप्पट झाला तर हे अंतर साधारण चौपट होते. वेल्डिंगच्या लगतचे पोलाद उष्णतेने काही वेळा ठिसूळ बनते. ट्रॉलीच्या फाळक्याला तडा गेला तर ऊस सांडेल, सुकाणूच्या दांड्याला गेला तर माणूस जाईल. उत्तम वेल्डरच्या नुसत्या नजरेला असा तडा वेळेवर दिसेलच, याची खात्री देता येत नाही.

कायद्याची भूमिका याच भीतीतून आली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन सोडले, तर रस्त्यासाठी केलेले जवळजवळ प्रत्येक यांत्रिक वाहन ‘मोटार वाहन’ ठरते. ट्रेलरही त्यातच मोडतो. उत्तरेकडे पाण्याच्या पंपाच्या इंजिनावर चालणारे ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. वाहन म्हटले की नोंदणी आली, आणि नव्या बनावटीच्या गाडीची नोंदणी म्हटली की केंद्रीय नियमांतील नियम १२६ आला. निर्मात्याने आपल्या गाडीचा नमुना पुण्याची ‘एआरएआय’ किंवा अहिल्यानगरची ‘व्हीआरडीई’ यांसारख्या संस्थांकडे चाचणीसाठी द्यावा, अशी ही व्यवस्था आहे. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीचा चाचणीखर्च त्या हजारोंवर विभागला जातो. एकच गाडी करणाऱ्याला तो एका गाडीवर सोसावा लागतो. साठ हजारांच्या जीपला हे गणित कधीच परवडणारे नाही.

मग नोंदणी असलेली जुनी गाडी घेऊन तिचे रूप पालटले तर? तीही वाट अरुंद आहे. कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. विनानोंदणी गाडी चालविण्याचा दंड वेगळाच.

एक दार मात्र याच कायद्याने उघडे ठेवले आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. अपघाताने वा पोलिओने पाय निकामी झालेल्या व्यक्तीला स्वतःचे वाहन तिच्या शरीराला साजेसे करून घेता येते. पूर्वी कायद्यात अशा गाडीला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीने हा शब्द काढून ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा आणली. महत्त्वाचे म्हणजे हा बदल आधी करून नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेण्याची मुभा देण्यात आली. केंद्राने घातलेल्या अटी मात्र पाळाव्या लागतात, आणि लायसन्सवरही अशा वाहनाचा वेगळा वर्ग असतो.

स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना जोडचाके लावणे हा यातील सर्वाधिक आढळणारा बदल. दुचाकी वळणावर झुकते, जोडचाकांची गाडी झुकत नाही. म्हणून सरळ रस्त्यावर ती जितकी निर्धास्त, तितकीच वेगातल्या वळणावर बेभरवशाची असते. चालविणाऱ्याला जुनी सवय मोडावी लागते. हातात बळ असेल आणि पायात नसेल, तर मागचा ब्रेकही हातात आणावा लागतो. ही कामे गावच्या वर्कशॉपमध्ये होऊ शकतात. पाय गमावलेल्या माणसाला कामावर जाण्यासाठी, बँकेत वा दवाखान्यात जाण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागू नये, इतकी मोठी गोष्ट त्या दोन चाकांवर तोललेली असते.

घरगुती बनावटीच्या मोटारीला मात्र असे दार पूर्वीही नव्हते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये सामान्यांसाठी ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला. अभियांत्रिकीची पदवी नसताना त्यांनी पुढची दोन दशके एकामागून एक सुधारित नमुने केले. स्प्रिंगऐवजी रबरी सस्पेन्शन वापरून सुटे भाग कमी केले. सुमारे १२ हजार रुपयांत ही गाडी विकता येईल, असा त्यांचा हिशेब होता. तो काळ परवान्यांचा होता; सरकारी संमतीशिवाय मोटारीचा कारखाना काढता येत नसे आणि ‘मीरा’ला ती संमती मिळाली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा इचलकरंजीच्या या प्रयत्नाची आठवण फार थोड्यांना उरली होती.

देवराष्ट्र्याची जीप आणि ‘मीरा’ यांत तीन पिढ्यांचे अंतर आहे. कुलकर्णींना उत्पादनाचा परवाना हवा होता, तर लोहारांच्या जीपपुढे नोंदणीचा अडसर होता. विमानाच्या बाबतीत हौशी निर्मात्यासाठी ‘प्रायोगिक’ असा वर्ग अनेक देशांत आहे. ब्रिटनमध्ये तर एकट्या-दुकट्याने बांधलेल्या मोटारीची स्वतंत्र तपासणी होते : ब्रेक, दिवे, सुकाणू, आसनपट्टे एकेक करून पाहिले जातात आणि उत्तीर्ण झालेल्या गाडीला क्रमांक मिळतो. आपल्याकडे लहान निर्मात्याला माफक शुल्कात अशी सोय झाली, तर नापास होणाऱ्या गाड्याच अधिक निघतील, हे उघड आहे. पण निदान आपली गाडी नापास का झाली, हे कारागिराला कागदावर कळेल. आज त्याला ते चौकात अडविल्यावर कळते.

गळीत हंगामात साखर कारखाने आणि पोलीस मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसे मरतात, म्हणून लाल पट्टीचा हा खटाटोप. त्या ट्रॉलीचा हूक, सांधे आणि चाके कुणी आणि कधी तपासली, हा प्रश्न मात्र पालखी मार्गावरून फारसा कुणी विचारत नाही.